एक खेळ की दोन?

(वार्षिक क्रीडा पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



बक्षिसे वाटून झाल्यावर पाहुण्याचे भाषण कोणालाच नको असते, हे तीस वर्षे क्रीडाशिक्षक म्हणून मी पाहिले आहे. तेव्हा थोडक्यात बोलतो.

मघाशी एक पालक भेटले. मुलगा हॉकीही खेळतो, क्रिकेटही. ते म्हणाले, "सर, याला एकच काहीतरी धरायला सांगा. आधीच अभ्यासाची बोंब आहे." पूर्वीचा मी असतो, तर लगेच मान डोलावली असती.

आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, हे वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. त्या हैदराबादेत १८९९ साली सय्यद मोहम्मद हादी जन्मले. क्रिकेट, टेनिस, हॉकी, फुटबॉल, टेबल टेनिस, पोलो आणि बुद्धिबळ असे सात खेळ ते खेळत, म्हणून लोक त्यांना 'रेनबो हादी' म्हणत. केंब्रिजला शिकले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे टेनिस खेळले, डेव्हिस कपही खेळले. पुढे १९३४-३५ साली रणजी स्पर्धा प्रथमच भरली, तेव्हा हैदराबादकडून मद्रासविरुद्ध त्यांनी नाबाद १३२ धावा केल्या. रणजी स्पर्धेतले ते पहिले शतक! त्यावेळी हादीसाहेबांचे वय पस्तीस होते. १९३६ मध्ये ते भारतीय संघाबरोबर इंग्लंडलाही गेले. कसोटी सामना मात्र नशिबी आला नाही.

कोणी म्हणेल, सर, पोलोचे घोडे आमच्या दारी कुठे? खरे आहे. म्हणून दुसरे उदाहरण मजुराच्या घरचे देतो.

अमेरिकेत कॉलेजातले कित्येक विद्यार्थी फुटबॉल आणि बेसबॉल दोन्ही खेळत आले आहेत. त्यांचा फुटबॉल आपला नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळावयाचे आणि आडव्या येणाऱ्यांशी झुंजावयाचे. बेसबॉल म्हणजे क्रिकेटचा चुलतभाऊ समजा. फुटबॉलचा हंगाम पावसाळा संपता संपता, बेसबॉलचा उन्हाळ्याच्या तोंडाशी, म्हणून दोन्ही जमते.

जॅकी रॉबिन्सन हा त्यांपैकी एक. बाप घर सोडून गेला. आईने लोकांच्या घरी कामे करून पाच मुले वाढविली. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात हा मुलगा फुटबॉल, बास्केटबॉल, मैदानी खेळ आणि बेसबॉल अशा चारही संघांत होता. यांत सर्वांत कच्चा बेसबॉल! १९४० च्या हंगामात शंभरात दहा वेळाही त्याचा फटका साधला नाही. कोणीही शहाणा शिक्षक म्हणाला असता, बाबा, हा एक सोडून दे. त्याच बेसबॉलमध्ये १९४७ साली तो ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला. अनेक दशके केवळ गोऱ्यांसाठी राखलेले मोठ्या लीगचे दार त्याने उघडले.

पालकांची दुखापतीची भीती मात्र खोटी नाही. ऑबर्न विद्यापीठाचा बो जॅक्सन १९८५ चा सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटू ठरला होता आणि पुढे दोन्ही खेळांत व्यावसायिक म्हणून नाव मिळवले. १९९१ मध्ये फुटबॉल खेळताना त्याचा खुबा निकामी झाला. फुटबॉल संपला. कृत्रिम खुबा बसवून १९९३ साली तो बेसबॉलमध्ये परतला, कारण परतावयास दुसरा खेळ हाताशी होता.

आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचे सुवर्ण मिळवले आणि पाच हजार मीटरचे रौप्यही. शर्यती दोन, पाय तेच!

आता माझी चूक सांगतो. हॉकी आणि व्हॉलीबॉल दोन्ही खेळणारा एक विद्यार्थी माझ्याकडे होता. हॉकीत हात चांगला, म्हणून मी व्हॉलीबॉल सोडावयास लावला. हॉकीच्या संघात त्याची निवड झाली नाही. तोवर व्हॉलीबॉलमधली त्याची जागा दुसऱ्याने घेतली होती. महिन्याभरात त्याने मैदानावर येणेच बंद केले. आणि अभ्यासाचे म्हणाल, तर गुण होते तेवढेच राहिले.

मघाच्या पालकांना मी म्हणालो, परीक्षा मार्चमध्ये आहे, जानेवारीपर्यंत दोन्ही खेळू द्या. पहाटे हॉकी, रविवारी क्रिकेट, रोज संध्याकाळी पुस्तक. त्यांनी अजून होकार दिलेला नाही. तिसऱ्या रांगेत बसले आहेत.