विनातिकीट प्रवास

आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना हसू येईल. तिकीट न काढता आगगाडीत बसू नये, हे सांगण्यासाठी का एखाद्या शिक्षकाने आपल्यापुढे उभे राहावे? हे तर प्रत्येक स्थानकावरील पाटीवर लिहिलेलेच असते. खरे आहे. परंतु पाटीवर लिहिलेले सारेच मनावर उमटते असे नाही. माझ्याही मनावर ते फार उशिरा उमटले, आणि ते कसे उमटले हेच आज सांगावयाचे आहे.

पेडणे आणि डिचोली हे आपले नव्या काबिजादीतील महाल. मुरगाव बंदरातून घाटावर जाणारी जुनी आगगाडी दक्षिणेकडून गेली. आमच्या वाडवडिलांना ती केवळ ऐकून ठाऊक होती. मुंबईस जावयाचे तर बोट नाहीतर घाटाची वाट. पुढे १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, त्याच्या भांडवलात गोव्याने आपला सहा टक्के वाटा घातला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी ७४१ किलोमीटरचा सारा मार्ग खुला झाला. पेडण्यास स्वतःचे स्थानक मिळाले. डिचोलीकरांना आजही थिवीला जाऊनच गाडी धरावी लागते, पण तेही काही फार दूर नव्हे.

ही गाडी आपल्या दारी सुखासुखी आलेली नाही. पेडण्याच्या बोगद्याची माती ओल्या शाडूसारखी मऊ. आज खोदावे आणि उद्या ढासळावे, असा तो बोगदा. त्याने बांधणाऱ्यांना वर्षानुवर्षे झुंजवले. या मार्गावर कामगारांचे प्राणही गेले. अजूनही तो बोगदा स्वस्थ बसू देत नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये त्याच्या भिंतीचा भाग कोसळला, २०२४ च्या जुलैमध्ये आत पाणी शिरले, आणि दोन्ही वेळा वाहतूक थांबवावी लागली. भर पावसात रात्री रुळांवरून चालत पहारा करणारा माणूस, बोगद्यात गुडघाभर चिखलात उभा राहून काम करणारा माणूस, यांच्या श्रमाचे मोल ज्या पैशातून दिले जाते, त्यात आपल्या तिकिटाचे चार रुपये असतात. आपण ते चुकवतो तेव्हा 'सरकार' नावाच्या कोणा अदृश्य धनिकास ठकवतो, असे आपणास वाटते. वस्तुतः ठकतो तो हा माणूस, आणि शेजारी बसलेला तिकीट काढणारा प्रवासी.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाप्रमाणे तिकिटावाचून आढळलेल्या प्रवाशाकडून भाडे तर घेतले जातेच, शिवाय तेवढीच रक्कम किंवा अडीचशे रुपये, यांपैकी जी अधिक असेल ती ज्यादा आकार म्हणून घेतली जाते. ती न दिल्यास प्रकरण दंडाधिकाऱ्यापुढे जाते आणि कैद भोगण्याचीही पाळी येते. फसवण्याच्या हेतूनेच प्रवास केला असे ठरले, तर सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाचे पैसे विसरले जातात. पण पुढे सरकारी नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीच्या कागदावर 'आपणास कधी शिक्षा झाली आहे काय?' हा प्रश्न येतो, तेव्हा विसाव्या वर्षीची ती मौज तिसाव्या वर्षी पुढ्यात उभी राहते.

याहून गंभीर गोष्ट अपघाताची. गाडीतून पडून प्रवासी दगावला तर वारसांना आठ लाख रुपये भरपाई मिळू शकते; मात्र तो रीतसर तिकिटाचा प्रवासी असावा लागतो. प्रेताजवळ तिकीट सापडले नाही, एवढ्यावरून दावा बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. हे योग्यच झाले. परंतु ज्याने तिकीट काढलेच नव्हते, त्याच्या विधवेने शपथेवर काय सांगावे?

कायदा केवळ निष्ठुर आहे असेही नाही. एकट्या स्त्रीस वा बालकास गाडीतून उतरवावयाचे झाले, तर ते कोठेही आणि रात्रीबेरात्री करता येत नाही, असे बंधन त्याने रेल्वेवर घातले आहे. डिचोलीहून येणारी बस उशिरा पोहोचली आणि गाडी समोर उभी आहे, अशा वेळी अधिकार असलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यास आधी गाठून, भाडे नंतर भरण्याच्या अटीवर परवानगीचा दाखला मागता येतो. दाखला मिळाला तर ज्यादा आकार पडत नाही. म्हणजे आधी सांगणाऱ्यास वाट मोकळी आहे, लपणाऱ्यास नाही.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुटीत बहिणीचा मुलगा आमच्याकडे राहावयास आला होता. नुकतीच त्याला बारा वर्षे पुरी झाली होती. आम्ही थिवीहून सावंतवाडीस निघालो. खिडकीपाशी मी सहज म्हणालो, "एक पूर्ण, एक अर्धे." गाडीत तपासनीस आले. तिकिटे पाहून त्यांनी त्याला मायेनेच विचारले, "बाळ, तुझे वय काय?" त्याने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. तो हळूच म्हणाला, "अकरा."

वाचले ते काही रुपये. त्या दिवसानंतर ती गोष्ट मी विसरलो. तो विसरला नव्हता. चार वर्षांनी एके सायंकाळी मला त्याचा फोन आला. विनातिकीट सापडला होता, जवळ पैसे नव्हते. मी जाऊन रक्कम भरली. परतताना मी त्याला शिक्षकाच्या आवाजात चार शब्द सुनावले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि उद्धटपणाचा लवलेशही नसलेल्या स्वरात विचारले, "मामा, तेव्हा आपणही असेच केले होते ना?"

श्रोतेहो, वीसएक वर्षे मी मुलांना चोरी करू नये ही आज्ञा शिकवली आहे. त्या एका प्रश्नाने मला वर्गातल्या मागच्या बाकावर नेऊन बसवले.

काही लोक म्हणतात, अन्यायी भाड्याविरुद्ध हा आमचा निषेध आहे. त्यांना मी पेडणे महालातील पत्रादेवीस जाण्याची विनंती करीन. १५ ऑगस्ट १९५५ रोजी तेथे सत्याग्रहींनी पोर्तुगीजांची सरहद्द ओलांडली. परवाना त्यांच्याजवळही नव्हता! पण ते दिवसाढवळ्या, छाती पुढे करून आले आणि गोळ्यांना सामोरे गेले. कर्नेलसिंग बेनिपाल तेथेच हुतात्मा झाले. कायदा मोडावयाचा तर असा, उघडपणे, परिणाम शिरावर घेऊन. तपासनीस दिसताच शौचकुपात दडणाऱ्याने त्या शब्दाचा आश्रय घेऊ नये.

शुभवर्तमानात जक्कय नावाच्या जकातदाराची कथा आहे. लोकांकडून अन्यायाने घेतलेले चौपट परत करीन, असे त्याने कबूल केले. नुसता पश्चात्ताप करून तो थांबला नाही. त्याने हिशेब मांडला. पुढच्या रविवारी मी भाच्यास घेऊन थिवीला गेलो. बुडवले होते अर्धे तिकीट. त्याची चौपट म्हणजे दोन पूर्ण तिकिटे. ती सावंतवाडीची तिकिटे मी काढली, गाडी येऊन गेली, आणि आम्ही बाकावर बसूनच राहिलो. मग मी ती फाडली. भाचा काही बोलला नाही. परतताना बसचे भाडे मात्र त्याने स्वतःच्या खिशातून, मी हात घालण्यापूर्वीच दिले.

रेल्वेच्या हिशेबवहीत त्या दोन तिकिटांची विशेष नोंद कोणी केली नसेल. तशी अपेक्षाही नव्हती. आपली मुले मात्र खिडकीपाशी आपल्या शेजारी उभी राहून सारे ऐकत असतात. पुढच्या वेळी तिकीट मागताना ही एवढी गोष्ट ध्यानी ठेवावी, इतकीच विनंती करून मी आपली रजा घेतो.