डोंगराच्या पायथ्याशी राहताना
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू आयटीत आहेस, एआयवर बोल." त्यावर व्हॉट्सॲपवर रोज एवढं येतं की माझी भर नको. मी आपल्या डोंगरांवर बोलणार आहे, आणि तेही माझ्या कामाचंच आहे. मी पुण्यात नकाशांच्या सॉफ्टवेअरवर काम करते. जमिनीची उंची किती, उतार किती, पडलेलं पाणी कुठून कुठे जाईल, हे संगणकाला समजावून देणं ही माझी नोकरी. नववीत बाईंनी फळ्यावर समोच्च रेषा काढून सांगितलं होतं की रेषा जवळजवळ आल्या की समजावं, चढ उभा आहे. पगार त्याच वाक्याचा मिळतो म्हटलं तरी चालेल.

आता आपला भाग त्या नजरेने बघा. महाबळेश्वरचं पठार तेराशे मीटरहून उंच. पोलादपूर शंभर मीटरच्याही खाली. नकाशावर सरळ रेघ मारली तर मधलं अंतर जेमतेम वीस किलोमीटर. सावित्री एवढ्या अंतरात सगळी उंची उतरते, आणि महाडपासून समुद्रापर्यंत मात्र तिला उतार जवळजवळ नाहीच. उलट भरतीचं पाणी वर चढून येतं. वरून घाईत आलेलं पाणी, त्यात काळ आणि गांधारीचं पाणी, आणि समोर भरती. महाडच्या बाजारपेठेतल्या माणसाला हे मी सांगायला नको, त्याच्या दुकानाच्या भिंतीवर खुणा आहेत.

हा सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. काळा पाषाण थरावर थर बसलेला, आणि महाबळेश्वरसारख्या माथ्यांवर जांभा. पाऊस हा कडा झिजवतो आहे आणि कडा हळूहळू पूर्वेकडे मागे सरकतो आहे. आपल्या भाताच्या खाचरांतली माती ही त्या डोंगराचीच, पाण्याने खाली आणून दिलेली. म्हणजे ज्या क्रियेने आपल्याला शेती दिली, तिचंच घाईचं रूप म्हणजे दरड.

ते रूप आपण दोनदा पाहिलं. २५ जुलै २००५ ला दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन आणि पोलादपूरकडे कोतवाल. दुसऱ्या दिवशी मुंबई बुडाली, सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटरचा आकडा देशाला पाठ झाला. आपल्या तालुक्यांत दीडशेहून जास्त माणसं गेली, ते बाहेर फार थोड्यांना माहीत आहे. मग २२ जुलै २०२१ ला तळिये. ऐंशीहून जास्त माणसं. त्याच सुमारास पोलादपूर तालुक्यात साखर-सुतारवाडी आणि केवनाळे. खाली महाड पाण्यात आणि रस्ते बंद, त्यामुळे मदत पोहोचायलाही वेळ लागला. या सभागृहात असे लोक बसले आहेत ज्यांनी त्या दिवसांत स्वतःच्या हातांनी चिखल उपसला. त्यांच्यासमोर मी जपूनच बोलते.

त्या दिवशी झालं काय, ते इंजिनिअरच्या भाषेत सांगते. महाबळेश्वरला २३ जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. एका गुंठ्यावर त्या चोवीस तासांत साठ हजार लिटर पडले, म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर. उतारावर वर माती आणि मुरूम असतो, खाली अखंड कातळ. पाणी मातीत मुरतं आणि कातळावर येऊन अडतं. वाट मिळाली नाही की दाब वाढतो, मातीची कातळावरची पकड सुटते आणि वरचा थर झाडांसकट निघतो. वाट मिळणं हा यातला मुद्दा आहे, आणि तिथे माणसाचा हात पोहोचतो.

आपल्या आज्या-आजोबांनी डोंगर वाचवायचा म्हणून काही केलं नव्हतं. वरकस जमिनीत नाचणी-वरी पिकवायची म्हणून ते वर जात. गेले की ढासळलेला बांध रचला जाई, पऱ्या मोकळा केला जाई, नवी भेग दिसली तर गावात सांगितली जाई. आपण मुंबई-पुण्याला गेलो, वरकस पडीक पडली, आणि वर जाणारं माणूसच कमी झालं. त्याच काळात खाली जेसीबी आला. घराच्या जोत्यासाठी मागचा डोंगर उभा कापणं एका दिवसाचं काम झालं. उताराचा पायथा कापला की वरच्या मातीचा आधार जातो, हे सांगायला पदवी लागत नाही.

जमिनीची किंमतही बदलली. सातबाऱ्यावर ज्याला पोटखराबा लिहिलं, त्याच तुकड्याला आता एजंट 'व्ह्यू' म्हणतो. आपल्यातले काही जण असे प्लॉट बघत आहेत. घ्या, पण जागेवर उभं राहून तीन प्रश्न विचारा. वरचं पाणी कुठून जातं? ही सपाटी कापून केली की भरून? वर कोण राहतं आणि खाली कोण?

माझी काकी पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीत राहते. २०२१ नंतर वरच्या बाजूला भेग दिसली, आणि आता पावसाळ्यात वाडीला स्थलांतराची नोटीस येते. सुचवलेली जागा शेतापासून लांब. काकी म्हणते, "भात काय तिकडं बोलवून घेऊ? गुरं कोन बघंल?" तिला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण तिचा हिशेब चुकीचा नाही. भेग वर्षातल्या चार रात्री धोक्याची असते, शेत तीनशे पासष्ट दिवस पोट भरतं. त्या चार रात्री कोणत्या, हे तिला वेळेवर कळलं पाहिजे, आणि तेव्हा जायला जवळची, कोरडी, गोठ्याची सोय असलेली जागा पाहिजे. गेल्या पावसाळ्यात ती दोनदा बाहेर पडली आणि दोन्ही वेळा चिखलातून म्हैस घेऊन गेली.

इथे माझं सॉफ्टवेअर कमी पडतं. जगभर फुकट मिळणारा उंचीचा नकाशा बहुतेक तीस मीटरच्या चौकटींचा असतो. एक चौकट म्हणजे नऊशे चौरस मीटर, साधारण नऊ गुंठे. त्यात काकीचं घर, गोठा, बांध, पऱ्या आणि घरामागचा कापलेला डोंगर, सगळ्यांना मिळून उंचीचा एकच आकडा. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडींचे नकाशे आहेत, ते उपयोगाचे आहेत, पण कुठली भेग यंदा वितभर रुंदावली हे त्यांत दिसणार नाही. ते वाडीतल्या माणसालाच दिसतं. झाडं किंवा विजेचे खांब कलणं, भिंतीला तिरकी चीर पडणं, दार अचानक अडकायला लागणं, झऱ्याचं पाणी गढूळ होणं किंवा नव्याच जागी फुटणं, या खुणा आहेत. भरपावसात यातली एक जरी दिसली तरी सकाळची वाट बघायची नाही.

म्हणून माझी एक सूचना. आपल्या बॅचने शाळेसाठी निधी गोळा केला आहे. त्यातून कमान किंवा वॉटर कूलर होईल, छानच आहे. पण थोडे पैसे बाजूला ठेवून साधी पर्जन्यमापकं घेऊ या. एक शाळेत, बाकीची डोंगराकडच्या वाड्यांत, जिथून मुलं शाळेत येतात. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खात्याच्याच वेळेला, मुलांनी आकडा वहीत लिहायचा आणि मुसळधार असेल तेव्हा दर तीन तासांनी. दर मे महिन्यात ठरलेल्या जागेवरून डोंगराचा फोटो काढायचा. वही शाळेत, फोटो शाळेत. आकड्यांची मांडणी मी करून देईन, दरवर्षी, विनामूल्य.

यामुळे दरड थांबणार नाही. किती मिलिमीटरला घर सोडायचं हा आकडाही सगळ्यांना सारखा नसतो, प्रत्येक उताराचा वेगळा. पण नोंदच नसेल तर तो कधीच कळणार नाही. पाच-सात पावसाळ्यांच्या वह्या असल्या तर तलाठ्यासमोर आणि तहसीलदारांसमोर बोलताना वाडीच्या हातात काहीतरी असेल.

पहिलं पर्जन्यमापक माझ्याकडून. कोणत्या वाड्या निवडायच्या, ते जेवणाच्या सुट्टीत सर आणि बाईंसोबत बसून ठरवू या. तिथले रस्ते आणि पऱ्ये माझ्या संगणकापेक्षा त्यांना जास्त माहीत आहेत.