रक्त काढले तिथेच अर्धी तपासणी
(ब्राह्मणपुरी येथे आरोग्य स्वयंसेवकांसमोर केलेल्या भाषणाचा गोषवारा)



रक्तातल्या पोटॅशियमवर बोलायला मला सांगितले आहे. विषय कोरडा वाटेल, पण हृदयाचा ठोका नीट पडतो तो या क्षाराच्या जोरावर. मोठ्या माणसाच्या रक्तात ते लिटरला साधारण ३.५ ते ५ मिलिमोल असते. जुलाब-उलट्यांनी ते उतरते, हातापायांतले बळ जाते. ओआरएसच्या पाकिटात पोटॅशियम क्लोराइड असते ते यासाठीच. घरच्या मीठ-साखरेच्या पाण्यात ते नसते. मूत्रपिंड निकामी झाले की उलट घडते. ते साठत जाते आणि हृदय अचानक थांबू शकते. आपल्या भिल्ल, पावरा कुटुंबांत सिकलसेल आहे. तो आजारही वर्षानुवर्षे मूत्रपिंड झिजवतो. म्हणून ही तपासणी आपल्याला लागतेच.

पण तांबड्या पेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा वीसपटींहून जास्त पोटॅशियम असते. पेशी फुटली की ते बाहेर सांडते, आणि लॅब बाहेरचेच मोजते. आता धडगावकडचा एखादा पाडा डोळ्यांपुढे आणा. सकाळी काढलेले रक्त जीपमध्ये हेलकावे खात दुपारी शहाद्याला पोहोचते. कोणी काळजीपोटी ते बर्फात ठेवतो. लस थंड ठेवतात ना, मग रक्तही! पण थंडीत पोटॅशियम आत ओढून धरणारे पेशीचे काम मंदावते आणि ते बाहेर झिरपू लागते.

एका आजीचा रिपोर्ट ७.१ आला होता. घरच्यांनी चांदीचे कडे गहाण टाकून सुरतेला जायची तयारी केली. तिथल्या डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला, पुन्हा रक्त घेतले. ४.४ निघाले. पहिली नळी रात्रभर बर्फात होती.

म्हणून दंडाला पट्टा मिनिटाहून जास्त बांधून ठेवू नका. "मूठ उघडा-मिटा" असे सांगू नका, त्यानेही आकडा चढतो. जांभळ्या बुचाच्या नळीतल्या औषधातच पोटॅशियम असते, म्हणून ती शेवटी भरा. तिच्यातले रक्त दुसऱ्या नळीत कधीही ओतू नका. रक्त अर्धा तास गोठू द्या, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा पिवळसर द्रव वेगळा करा. तो द्रव खुशाल थंड पेटीतून पाठवा.

मात्र आकडा वाढलेला दिसला तर "नळीची चूक असेल" म्हणून घरी बसू नका. मूत्रपिंडाचा रुग्ण असेल तर मुळीच नाही. त्याच दिवशी ईसीजी आणि फेरतपासणी. असा रुग्ण घरात असेल तर "कमी सोडियमचे" मीठ आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेले असते. नारळपाणीही डॉक्टरांना विचारूनच.

वाचकहो, दवाखान्यासाठी काय पाठवू, असे आपण विचारता. औषधे पुष्कळ जण पाठवतात. डोंगरातल्या उपकेंद्रासाठी एक लहान सेंट्रिफ्यूज द्या, आणि वीज जाते तिथे चालेल असा इन्व्हर्टरही सोबत द्या.