एकाच वेलीचे दोन अहवाल

एमबीबीएस, बीएएमएस, बी. फार्म. अशा वेगवेगळ्या वाटांनी येऊन आज एकाच मंडपात बसलेल्या मित्रमैत्रिणींनो,

दीक्षान्त भाषणात भरारी, क्षितिज, आकाश हे शब्द यावे लागतात म्हणे. ते आता येऊन गेले. मी बोलणार आहे गुळवेलीबद्दल.

मुंबईचं केईएम रुग्णालय तुम्हाला माहीत आहे. डॉ. शरदिनी डहाणूकर तिथल्या. मराठी वाचक त्यांना ललित लेखिका म्हणून ओळखतो, पण त्यांचं काम औषधशास्त्रातलं. आपल्या सहकाऱ्यांसह त्यांनी एक नेमका प्रश्न घेतला. पित्तनलिका अडून कावीळ झालेला रुग्ण शस्त्रक्रियेनंतर बरेचदा दगावतो तो जंतुसंसर्गानं, कारण त्याची प्रतिकारशक्ती खचलेली असते. गुळवेलीनं ती सावरेल का? तीस रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला तेच उपचार आणि शिवाय वजनाच्या हिशेबानं मोजून दिलेली गुळवेल. १९९३ साली निष्कर्ष छापून आले. शस्त्रक्रियेआधी पित्ताचा निचरा चालू असताना पहिल्या गटातल्या निम्म्या रुग्णांच्या रक्तात संसर्ग पसरला, गुळवेल घेणाऱ्यांत एकाच्याही नाही. रुग्ण थोडे होते हे खरं. असा अभ्यास पुढे शेकडो रुग्णांवर व्हायला हवा होता, तो झाला नाही याची मला आजही चुटपुट आहे.

आता याच मुंबईतला दुसरा कागद. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात यकृततज्ज्ञांकडे कावीळ झालेले सहा रुग्ण आले. हिपॅटायटिसचे विषाणू नाहीत, दारूचं कारण नाही. खोदून विचारल्यावर कळलं की सगळे गुळवेल घेत होते. कोरोनाचे दिवस होते, इम्युनिटी हा शब्द घराघरात पोचला होता. कुणी खोडाचे तुकडे दालचिनी-लवंग घालून उकळत होतं आणि महिनोन्‌महिने पीत होतं. सहांपैकी एक दगावला. पुढे देशभरातल्या तेरा केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद केली. गुळवेल सुरू केल्यापासून त्रास दिसेपर्यंतचा काळ साधारण दीड महिन्याचा होता.

यातला खरा अहवाल कोणता? माझ्या मते दोन्ही. केईएममध्ये औषध मोजलेलं होतं, दिवस ठरलेले होते, रुग्ण वॉर्डात डोळ्यांसमोर होता आणि त्याची प्रतिकारशक्ती खरोखरच खाली गेलेली होती. २०२० मध्ये बाल्कनीतली वेल, अंदाजपंचे काढा आणि धडधाकट माणूस. शिवाय त्या रुग्णांपैकी अनेकांमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच यकृतावर उलटल्याच्या खुणा मिळाल्या. ज्याची प्रतिकारशक्ती आधीच अशी चुकीच्या दिशेनं वळायला टेकली आहे, त्याला ‘इम्युनिटी बूस्टर’ देणं म्हणजे आगीत तेल. हाच त्यातला सर्वांत संभवनीय धागा वाटतो.

आयुष मंत्रालयानं सहा रुग्णांच्या अहवालावर आक्षेप घेतला: वनस्पती गुळवेलच होती कशावरून, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात असेल. आक्षेप रास्त होता. तेरा केंद्रांच्या अभ्यासात रुग्णांकडून मिळालेले नमुने प्रयोगशाळेत तपासले गेले. पण समजा, चुकीचीच वेल असती. मग स्टेशनबाहेर टोपलीतून काड्या घेणाऱ्या माणसाला ती ओळखायची कशी? चरकसंहितेत सांगितलंय की गुराखी आणि वनवासी वनस्पतींना नावारूपानं ओळखतात, पण तेवढ्यानं कुणी औषध जाणणारा होत नाही. आज तर नावरूपाचीही खात्री नाही. काडीऐवजी बाटली आणि बाटलीवर हिरवं पान छापलेलं, एवढाच पुरावा. आणि ग्रंथोक्त औषधाला परवाना देताना आपला कायदा ते गुणकारी असल्याच्या चाचण्या मागत नाही, ग्रंथातला आधार पुरतो.

‘पण लोकांना गुण येतो ना?’ हे तुम्हाला दवाखाना उघडल्याच्या पहिल्याच आठवड्यात ऐकू येईल. गावोगाव काविळीवर झाडपाल्याचं औषध देणारे असतात आणि त्यांच्या दारात रांग असते. हिपॅटायटिस ए झालेले बहुतेक लोक काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. श्रेय मिळतं ते झाडपाल्याला. तुलनेचा गट लागतो तो एवढ्यासाठी.

तो गट कुणाला हवं ते सांगत नाही. गुग्गुळाचं उदाहरण घ्या. सुश्रुताच्या आधारानं जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठात त्यावर प्रबंध लिहिला, पुढे भारतात ते कोलेस्टेरॉलवरचं औषध म्हणून बाजारात आलं. २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे चाचणी झाली. गुग्गुळ घेणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल चार-पाच टक्क्यांनी वाढलं, नुसती साखरगोळीवजा कॅप्सूल घेणाऱ्यांचं पाच टक्क्यांनी घटलं. काहींच्या अंगावर पुरळ उठलं, ते वेगळंच.

आणि सर्पगंधा! डॉ. रुस्तम जाल वकील यांनी मुंबईत पन्नास रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा अभ्यास करून १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये लिहिलं आणि जगानं ते उचललं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपीन वेगळं काढलं गेलं. ते घेणाऱ्या काहींना गाढ नैराश्य येतं हेही पुढे नोंदलं गेलं आणि मात्रा खाली आणल्या गेल्या. भारतीय मुळीचा एवढा मान आजवर क्वचितच कुणी केला असेल.

एमबीबीएसवाल्यांनो, तुम्ही काढ्याचं नाव ऐकून नाक मुरडलंत की रुग्ण पुढच्या वेळी तो लपवतो, आणि तुम्ही यकृताच्या तपासणीतला एसजीपीटीचा आकडा बघत डोकं खाजवत बसता. बीएएमएसवाल्यांनो, ‘आमच्याकडे साइड इफेक्ट नसतात’ हे वाक्य तुमच्या तोंडी आलं, तर तुमच्याच ग्रंथांतले मात्रा, काल आणि प्रकृतीचे अध्याय तुम्ही परीक्षेपुरते वाचले होते असं मी समजेन. फार्मसीवाल्यांनो, काउंटरवर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत कुणी हळदीच्या कॅप्सूल मागितल्या, तर बिल करण्याआधी दोन शब्द बोला.

केसपेपरवर ‘औषधं चालू आहेत का?’ एवढंच विचारू नका. काढा, चूर्ण, ज्यूस, जिममधली पावडर, मावशीनं गावाहून पाठवलेली पुडी, असं एकेक नाव घेऊन विचारा, कारण आपल्या लोकांच्या लेखी हे ‘औषध’ नसतंच. रुग्णाला काविळीची लक्षणं दिसली, तर आधी ते थांबवा आणि उरलेलं फेकू नका म्हणून सांगा. बाटली, पुडी, काडी, जे असेल ते दवाखान्यात मागवून घ्या, त्यावर तारीख आणि रुग्णाचा केस नंबर टाका. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणारी केंद्रं आधुनिक औषधांसाठी आहेत, तशीच २०१८ पासून आयुष औषधांसाठीही आहेत. तिथे कळवा. नमुना तपासायचा तर तीच काडी लागते.