अवोदा: वेठ, नोकरी आणि पूजा एकाच शब्दात

इयरफोन नीट लावा, आज एकाच शब्दाचा माग काढायचाय. शब्द हिब्रू आहे: अवोदा.

आज तेल अविवमध्ये कुणी म्हणालं, "अवोदाला चाललोय", तर समजायचं, गडी कामावर निघालाय. पण प्राचीन जेरुसलेमच्या मंदिरात याजक वेदीवर अर्पणं वाहायचे, तीही अवोदाच. आणि इजिप्तमध्ये इस्राएली लोक विटा थापत राबले, तीसुद्धा अवोदा! हिब्रूत बरेचसे शब्द तीन व्यंजनांच्या धातूतून फुटतात. याच धातूतून आलेला 'एवेद' म्हणजे गुलाम किंवा सेवक.

आपल्याकडे 'सेवा' देवाचीही असते आणि सरकारी खात्यातलीही. पण 'वेठ' हा शब्द आपण देवापाशी नेत नाही. हिब्रूने मात्र वेठ आणि पूजा एकाच शब्दात ठेवली. का बरं?

बायबलचं 'निर्गम' पुस्तक उघडा. पहिल्याच अध्यायात फारो इस्राएली लोकांना कसं राबवतो ते सांगताना, लागोपाठच्या दोन वचनांत हा धातू पाच वेळा येतो. वाचतानाच दमायला होतं. पुढे मोशे फारोकडे जातो आणि देवाचा निरोप सांगतो: माझ्या लोकांना सोड, त्यांना माझी सेवा करू दे. इथेही क्रियापद त्याच धातूचं! म्हणजे प्रश्न पडतोच ना, की मालक बदलला, पण बाकी काय बदललं?

याचं उत्तर मला 'गणना' या पुस्तकात दिसतं, तेही अगदी हमालीच्या तपशिलात. वाळवंटातलं त्यांचं मंदिर म्हणजे निवासमंडप, एक फिरता तंबू. वेदीवरचे विधी 'कोहेन' म्हणजे याजक करायचे. तंबू सोडायचा, वाहायचा आणि पुन्हा उभा करायचा, हे काम लेवी वंशाचं. याकोब मिलग्रोम या अभ्यासकाने १९७० मध्ये दाखवलं, की लेवींच्या संदर्भात 'अवोदा' म्हणजे मंत्र-पूजा नव्हे, तर अंगमेहनत.

आता या मेहनतीचे नियम ऐका. एकूण ६ गाड्या आणि १२ बैल. मरारी कुळाकडे फळ्या, अडसर, खांब, म्हणजे सगळ्यात जड सामान, म्हणून त्यांना ४ गाड्या, ८ बैल. गेर्षोन कुळाकडे पडदे आणि आच्छादनं, त्यांना २ गाड्या, ४ बैल. कहाथ कुळाला गाडी नाही, कारण कोश, दीपवृक्ष अशा पवित्र वस्तू खांद्यावरूनच न्यायच्या. कामाला वयाची अटही आहे. एका अध्यायात ३० ते ५०, दुसऱ्यात सुरुवात २५ पासून. पण शेवट दोन्हीकडे ५० लाच.

आणि पन्नाशीनंतर? इथे दोन नवे शब्द भेटतात. एक 'शारेत', म्हणजे कुणाच्या हाताशी राहून मदत करणं. योसेफ पोटीफरच्या घरी करतो ते हेच. दुसरा 'मिश्मेरेत', म्हणजे राखण, पहारा. नियम असा, की पन्नाशीनंतर लेवीने अवोदा करायची नाही, पण भावांना शारेत करायचं, मिश्मेरेत सांभाळायची. ओझं खाली ठेवलं तरी माणूस आपल्यातलाच. मला हे फार आवडतं.

आता फारोकडे परत बघा. तिथे वयाची अट नाही. विटांसाठी लागणारा पेंढा द्यायचंही बंद केलं, पण विटांचा आकडा तेवढाच ठेवला. म्हणजे फरक घामात नाही, मर्यादेत आहे. ज्या अवोदेला साधन मिळतं आणि शेवट असतो, ती वेठ राहत नाही.

हं, गोष्ट इतकी गोडही नाही. या समाजातही गुलाम होते आणि त्यांनाही एवेदच म्हणत. फक्त 'अनुवाद' पुस्तकातली आज्ञा बजावते, की शब्बाथला तुझ्या एवेदलाही विसावा मिळाला पाहिजे. तूही इजिप्तमध्ये एवेद होतास, हे विसरू नकोस.

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर पाडलं. वेदी गेली, अर्पणं थांबली. मग या शब्दाचं काय करायचं? यहुदी गुरूंनी म्हटलं, हृदयातही एक अवोदा असते, ती म्हणजे प्रार्थना.

हा धागा आपल्या मराठीपर्यंतही आलाय. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या बेने इस्राएल समाजासाठी १८७४ मध्ये पुण्यात 'हगादा' छापली गेली, हिब्रू आणि मराठी दोन्हींत. वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचं हे पुस्तक. त्या रात्री घरोघरी आठवण काढतात, की आपण इजिप्तमध्ये 'अवादीम' होतो. अवादीम म्हणजे एवेदचं अनेकवचन.

तेव्हा उद्या कामावर कुणी "इथे काम हीच पूजा" असं म्हणालं, तर मान जरूर डोलवा. पण सोबत विचाराही: गाडी कुठे आहे, बैल किती, आणि सुट्टी कधी?

तुमच्या कामाला कोणता शब्द लागू पडतो, वेठ की सेवा? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!