वाडीचें मत

राधानगरीहून दाजीपूरच्या रस्त्याला लागलें म्हणजे डोंगराच्या कुशींत पांच-दहा घरांच्या वाड्या आणि धनगरवाडे दिसूं लागतात. माझी उभी हयात याच मुलुखांत शाळामास्तर म्हणून गेली. निवडणूक आली कीं मास्तराच्या हातीं खडूऐवजीं मतदारयादी येते, हें आपणांस ठाऊकच आहे.

श्रोतेहो, शहरांतील मंडळी मतदानाचे टक्के वाचतात आणि त्यांवरून लोकांच्या जागृतीचा अजमास बांधतात. २०२४ च्या विधानसभा निवडणुकींत महाराष्ट्रांत सुमारें ६६ टक्के मतदान झालें, कोल्हापूर जिल्ह्यांत सुमारें ७६ टक्के, तर मुंबईच्या कुलाब्यांत निम्मेंहि नाहीं. आम्हां कोल्हापूरकरांची छाती फुगली. परंतु टक्का म्हणजे भागाकार, आणि भागाकारांत खालचा आंकडाहि पाहावा लागतो.

तो आंकडा यादींतील नांवांचा. आमच्या वाड्यांतील तरणीं माणसें मुंबई-पुण्याला कामावर. नांवें मात्र इकडेच. त्यांत गैर कांहीं नाहीं. तात्पुरता बाहेर गेल्यानें मनुष्याचें गांवचें रहिवासीपण जात नाहीं, असें १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदाच सांगतो. लोकसभेच्या मतदानाला हीं माणसें सहसा येत नाहींत. गाडीभाडें जातें आणि रोजहि बुडतो. मग केंद्राचा टक्का खालीं येतो आणि खेडुतांना आस्था नाहीं असा शेरा बसतो. तींच माणसें ग्रामपंचायतीसाठीं मात्र रात्रभर प्रवास करून हजर! कारण उघड आहे. पंचायतीचे सदस्य ७ ते १७. एका प्रभागांत मतें कांहीं शेंकडे. समसमान पडलीं तर चिठ्ठी टाकून निकाल. भावकीचे कारभारी कागद घेऊन बसतात. कोणाची सून यादींत आली, कोणाची लेक सासरीं गेली, कोणाचा मुलगा अठराचा झाला. खानेसुमारीचें हें शास्त्र आमच्याकडे शाळेवांचून येतें.

पण या नेमक्या हिशेबाला दुसरीहि बाजू आहे. एका वाडीच्या यादीचें काम माझ्याकडे होतें. तिचें नांव सांगत नाहीं. तेथें भावकीबाहेरचें एकच घर, एका वृद्ध विधवेचें. चिठ्ठी घेतांना ती हळूच म्हणाली, "गुर्जी, कुनाला कळायचं न्हाई न्हवं?"

"नाहीं, आजी," मीं म्हटलें.

मतपत्रिकांच्या काळीं हें उत्तर पुष्कळसें खरें ठरलें असतें. तेव्हां अनेक केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती. २००४ च्या लोकसभा निवडणुकींत सर्व मतदारसंघांत यंत्रें आलीं आणि प्रत्येक केंद्राची बेरीज निराळी कळूं लागली. शहरांत त्याचें कांहीं वाटत नाहीं. हजार मतांत कोण कोणास ओळखतो? वाडीच्या केंद्रावर एखाद्या उमेदवाराला तीनच मतें पडलीं, तर तीं कोणाचीं हें चहा निवण्याच्या आंत ठरतें. त्या वेळीं तीनच पडलीं. यादी माझ्या हातीं होती. मलाहि तें ठरवितां आलें, याची लाज वाटली.

निवडणूक आयोगानें २००८ सालीं यावर तोड सुचविली होती: अनेक यंत्रांतील मतें जोडून केवळ एकूण बेरीज दाखविणारें साधन वापरावें. २०१५ मध्यें विधि आयोगानेंहि तीच शिफारस केली. केंद्रवार आंकडे कळले तर कोठें अधिक काम करावें हें पक्षांना उमगतें, असा विरुद्ध बाजूचा युक्तिवाद. तो अगदींच पोकळ नाहीं. पण कोठें काम करूं नये, हेंहि त्याच आंकड्यांवरून उमगतें. साधन अद्यापि आलेलें नाहीं.

पुढल्या उन्हाळ्यांत आजी आठवडेबाजारांत भेटली. तक्रारीचा सूर नव्हता. "पानंदीचं दगड आमच्या दाराअलीकडं थांबलं बगा," एवढेंच बोलली आणि मिरच्यांचा भाव विचारूं लागली.

त्यानंतरच्या निवडणुकीला ती काठी टेकीत आली. चिठ्ठी घेतली, अंगठ्यानें चेपून नीट पदरांत बांधली. या खेपेस तिनें मला कांहीं विचारलें नाहीं.