हवेचा जमाखर्च

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)



देवरूखला आमच्या अंगणात एक पर्जन्यमापक आहे. सरकारी नव्हे, माझ्या हौसेचा. रोज सकाळी साडेआठला त्यातले पाणी मोजायचे आणि वहीत आकडा लिहायचा, एवढेच काम. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. वह्या भराभर भरतात. एका जुलैत लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही उभयता ठाण्याला गेलो. शेजारच्या मुलाला सगळे नीट समजावून सांगितले होते. त्यानेही पाणी मोजले; पण आठवड्यातून एकदा, आणि तोवर भांडे भरून वाहून गेलेले. पोराला बोल लावण्यात अर्थ नाही, मुसळधार पावसात रोज छत्री घेऊन परक्याच्या अंगणात कोण जाणार? वहीत त्या एकोणीस दिवसांपुढे मी रेघ मारून ठेवली आहे. तो पाऊस पडला, बाव नदीतून समुद्राला गेला. आता तो कोणालाच मोजता येणार नाही.

ही घरगुती गोष्ट सांगायचे कारण, असाच एक खंड आपल्याच किनाऱ्यावरच्या एका फार महत्त्वाच्या नोंदीत पडलेला आहे, आणि त्याची झळ माझ्या वहीपेक्षा कितीतरी मोठी आहे.

गोव्यात काणकोणच्या बाजूला काबो द रामाचा किल्ला आहे. समुद्रात घुसलेला कडा, पडके बुरूज, आत एक चर्च. वनवासात राम-सीता इथे राहून गेले, असे लोक सांगतात. सहली जातात, फोटो काढले जातात. पण १९९३ पासून याच भूशिरावर काचेच्या बाटल्यांत हवा भरून ती थेट ऑस्ट्रेलियाला पाठवली जात होती, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियाची सीएसआयआरओ ही संस्था यांचे हे जोडकाम. हवेत कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सोयीसाठी आपण कर्बवायू म्हणू, तो किती आहे आणि तो कुठून आला, हे त्या बाटल्यांवरून पाहिले जाई.

त्यासाठी काबो द रामाच का? तर वाऱ्यामुळे. जून ते सप्टेंबर तिथे येणारा वारा हजारो मैल समुद्रावरून येतो. वाटेत ना गिरणी, ना गाव. हिवाळ्यात वारा फिरतो आणि भारताच्या भूमीवरून, शेतांवरून, शहरांवरून हवा समुद्राकडे जाऊ लागते. म्हणजे एकाच जागी उभे राहून चार महिने समुद्राची हवा मोजा आणि पुढे काही महिने देशाची. दोन्हींत जो फरक निघेल त्यात आपल्या देशाच्या जमाखर्चाचा धागा सापडतो. अशी जागा शोधून मिळत नाही, ती असावी लागते.

आता हा जमाखर्च म्हणजे काय, ते थोडे सांगतो. कोळसा, पेट्रोल, डिझेल, गॅस जाळून आणि सिमेंट बनवून माणूस वर्षाला सुमारे ३७ अब्ज टन कर्बवायू हवेत सोडतो. एक लिटर डिझेल जळले की पावणेतीन किलोच्या आसपास कर्बवायू होतो. आपली एसटी देवरूखहून रत्नागिरीला जाऊन येते तेवढ्यात किती झाला, हा हिशेब ज्याने त्याने करावा. शिवाय जंगलतोडीचा वाटा वेगळा. पण गंमत अशी, की सोडलेल्यातला निम्म्याच्या आसपासच हवेत साठतो. उरलेला कोण घेते? झाडे आणि माती घेतात, समुद्र घेतो. आपण उधळपट्टी करतो आणि अर्धे बिल हे दोघे भरतात. किती दिवस भरतील, कुठल्या प्रदेशातली झाडे किती भरतात, कुठला समुद्र घेण्याऐवजी उलट देतो, हे कळल्याशिवाय पुढच्या पन्नास वर्षांत तापमान किती वाढेल, हे नेमके सांगता येत नाही. आंब्याच्या मोहोराचे काय होणार, हा आपला प्रश्नही शेवटी तिथेच जाऊन पोचतो.

ही मोजणी पद्धतशीर सुरू झाली ती चार्ल्स कीलिंग या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञामुळे. १९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष म्हणून जगभर पाळले गेले. त्यात १९५८ च्या मार्चमध्ये हवाई बेटातल्या मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर त्याने मोजणी सुरू केली. तेव्हा हवेच्या दहा लाख रेणूंमध्ये कर्बवायूचे ३१५ च्या आसपास होते. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी २८० होते. २०२४ ची तिथली सरासरी ४२४ च्या वर गेली. पण हे यश सहजी मिळालेले नाही. १९६४ साली अमेरिकेत सरकारी खर्चाला कात्री लागली आणि मौना लोआची मोजणी काही महिने बंद पडली. आलेखात ती फट आजही दिसते. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ज्वालामुखीच जागा झाला, तेव्हा शेजारच्या मौना केआ पर्वतावर तात्पुरती सोय करून त्यांनी काम चालू ठेवले. साठ वर्षांत एवढे शहाणपण आले म्हणायचे.

हाताने बाटली भरण्याची जी जुनी पद्धत होती, ती ऐकण्यासारखी आहे. वाऱ्याकडे तोंड करून उभे राहायचे, बाटली आपल्यापुढे वर धरायची, आणि श्वास रोखून तिची तोटी उघडायची. आपल्या उच्छ्वासात दहा लाखांत चाळीस हजार कर्बवायू असतो, म्हणजे बाहेरच्या हवेच्या शंभरपट. एका निष्काळजी उच्छ्वासाने सगळा नमुना वाया.

इथे मुख्य मुद्दा येतो. मोजायचे ते फरक अतिशय बारीक असतात. जागतिक हवामान संघटनेने उत्तर गोलार्धातल्या प्रयोगशाळांना घालून दिलेली अपेक्षा अशी, की दोन ठिकाणच्या मोजणीत दहा लाखांत ०.१ पेक्षा जास्त तफावत यंत्रांमुळे येऊ नये. ४२४ मध्ये ०.१! आपल्या बाजारात दोन दुकानांतले तराजू इतके जुळले तर गिऱ्हाईक धन्य होईल. त्यासाठी अमेरिकेतल्या बोल्डर शहरातल्या नोआच्या प्रयोगशाळेत प्रमाण हवेची नळकांडी ठेवलेली आहेत. त्यांच्याशी ताडून भरलेली नळकांडी देशोदेशी जातात आणि प्रत्येक प्रयोगशाळा आपले यंत्र त्यावर लावून घेते. मोजलेले आकडे तोक्योच्या जागतिक केंद्रात जमा होतात, कोणालाही पाहता येतात. यात शोध लावल्याचा आनंद नाही, पेपरात फोटो नाही. पण हे केले नाही तर गोव्याची हवा आणि हवाईची हवा यांची तुलना म्हणजे पायलीच्या मापाची शेराच्या मापाशी तुलना.

मापे एक करण्याची ही धडपड आपल्या समुद्रात आधीही झालेली आहे. १९६० च्या सुमारास आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम सुरू झाली आणि १९६५ पर्यंत चालली. निरनिराळ्या देशांची चाळीसच्या वर जहाजे त्यात होती. समुद्रातले सूक्ष्म जीव पकडायला प्रत्येकाची जाळी वेगळी; मग कोणाला जास्त मिळाले आणि का, हे ठरवायचे कसे? म्हणून सगळ्यांसाठी एकच जाळे ठरवले गेले. हिंदी महासागर प्रमाण जाळे असेच त्याचे नाव. सगळ्या जहाजांनी पकडलेले नमुने कोचीला आणून निवडले गेले. या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था निघाली, ती आज गोव्यात दोना पावलाला आहे.

याच संस्थेने १९९० च्या दशकात ‘सागर कन्या’ या जहाजावरून अरबी समुद्राच्या फेऱ्या केल्या. जगभरच्या समुद्रांतला कार्बन मोजण्याचा एक संयुक्त कार्यक्रम तेव्हा चालू होता, त्यात भारताचा हा वाटा. समुद्र कर्बवायू शोषून घेतो असे आपण पाठ केलेले असते. पण अरबी समुद्र वर्षाचा बराच काळ उलट तो हवेला देतो, असे या फेऱ्यांतून दिसले. पावसाळ्यातले जोरदार वारे पृष्ठभागावरचे पाणी दूर ढकलतात, खालचे थंड आणि कर्बवायूने भरलेले पाणी वर येते आणि तो वायू सुटतो. म्हणजे पाहा, जुलै महिन्यात आपल्या डोंगरावरची झाडे हावऱ्यासारखी कर्बवायू ओढून घेत असतात, आणि त्याच वेळी खाली समुद्र तो सोडत असतो. एका खात्यावर जमा, दुसऱ्यावर खर्च, आणि वारा दोन्ही खात्यांतून एकदम वाहतो. एकट्या झाडवाल्याने किंवा एकट्या समुद्रवाल्याने मोजून याचा उलगडा होणार नाही.

काबो द रामाची नोंद १९९३ पासून २००२ पर्यंत चालली आणि थांबली. पुढे २००९ नंतर काही काळ ती पुन्हा घेतली गेली, पण मधली वर्षे रिकामी आहेत. भारताची वाहने, वीज, बांधकामे झपाट्याने वाढू लागली ती नेमकी हीच वर्षे. कुठल्याही एका माणसाची ही चूक नसावी. अशी कामे प्रकल्प म्हणून मंजूर होतात, प्रकल्पाला मुदत असते, मुदत संपते. ऋतुचक्राला मात्र मुदत नसते, आणि तीन वर्षांच्या प्रकल्पात ते ओळखताही येत नाही.

२००९ मध्येच पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सिंहगडावर हवेचे नमुने घ्यायला सुरुवात केली. सिंहगड म्हटले की आपल्याला तानाजी आठवतो, त्यानंतर पिठले-भाकरी. त्या चुलींच्या धुराबाहेरची हवा मिळवणे हेही एक कौशल्यच! या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये सिंहगड आणि काबो द रामा यांच्या नोंदी एकत्र मांडल्या. हिवाळ्यात कर्बवायूचे चढउतार दहा लाखांत १५ च्या वर जातात, पावसाळ्यात ते निम्म्यावर येतात, असे त्यांना आढळले. जानेवारीत सिंहगडावर पार गंगेच्या खोऱ्यातली हवा जाणवते. जुलैत अरबी समुद्राची. सह्याद्रीची भिंत हवा अडवून धरते, तिचाही यात हात दिसतो. नकाशा काढून पाहा, सिंहगड आणि काबो द रामा यांच्या जवळजवळ मधोमध, त्याच भिंतीच्या पायथ्याशी आपले देवरूख आहे.

कोणी विचारील, आता उपग्रह आहेत, मग बाटल्या कशाला? जपानचा गोसॅट २००९ मध्ये गेला, अमेरिकेचा ओसीओ-२ हा २०१४ मध्ये. दोन्ही उत्तम. पण ते जमिनीवरून परतणारा सूर्यप्रकाश पाहून कर्बवायू मोजतात, ढगांतून त्यांना काही दिसत नाही. आणि आमच्याकडे जूनमध्ये मारळच्या डोंगरावर ढग बसले की ते गणपतीपर्यंत धड उठत नाहीत. झाडे सर्वांत जोमात असतात तेच महिने उपग्रहाला आंधळे. तिथे जमिनीवरची मोजणीच हवी. जंगलाच्या डोक्यावर मनोरा उभारून, वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या हवेतला कर्बवायू सेकंदाला दहा-वीस वेळा मोजण्याची पद्धत आहे. बैतूलच्या सागवनात, आसामात काझीरंगाला असे मनोरे उभारले गेले. सह्याद्रीच्या या पावसाळी उतरणीवरही असा मनोरा वीस-पंचवीस वर्षे टिकला पाहिजे, असे मला वाटते. तीन वर्षे नव्हे.

कारण इथले जंगल वेगळे आहे. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी रान अगदी थोडे. ऐन, किंजळ, कुंभा, हिरडा, बेहडा हे सगळे आपल्या सातबाऱ्यावर उभे आहे. दहा-पंधरा वर्षांनी ठेकेदार येतो, डोंगर एकरकमी घेतो, ट्रक भरून लाकूड घाटावर जाते. घरात लग्न असते, कोणाचे आजारपण असते. मालकाला नावे ठेवणे सोपे आहे. बुंधे पुन्हा फुटतात, रान हिरवे दिसते, पण जुन्या देवराईत जेवढा कार्बन साठलेला असतो तेवढा या फुटव्यांत नसतो. सुक्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो. एक टन सुके लाकूड जळले की पावणेदोन टनांहून थोडा अधिक कर्बवायू हवेत गेला. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने संगमेश्वर तालुक्यात जंगल न तोडण्यासाठी मालकांशी करार केले, तेव्हा तोडीच्या पैशाला काही पर्याय असू शकतो हे लोकांना प्रथम दिसले. आता कार्बनच्या नावाने पैसे देऊ म्हणणारे आणखीही येतील. त्यांनी ‘तुमच्या डोंगरात इतका कार्बन आहे’ असे सांगितले तर ते खरे की खोटे, हे ताडून पाहायला आपल्याकडे काय आहे? माझ्या पर्जन्यमापकाची वही त्याला उपयोगी नाही.

उपयोगी पडेल अशी एक गोष्ट मात्र फार खर्चाची नाही. देवरूखात महाविद्यालय आहे, विज्ञान शिकणारी मुले आहेत. प्रत्येक गावच्या देवराईतली पन्नास आणि तोडून फुटलेल्या रानातली पन्नास झाडे निवडायची, त्यांना पत्र्याचे क्रमांक लावायचे आणि दरवर्षी त्यांचा घेर मोजायचा. वनखात्याचे लोक मोजतात तसा छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १ मीटर ३७ सेंटिमीटरवर. चढावर झाड असेल तर वरच्या अंगाने. साधी शिंप्याची टेप चालत नाही, ती ओलाव्याने ताणते; काचतंतूची घ्यावी. मोजणी दर वर्षी एकाच महिन्यात व्हावी, डिसेंबर बरा, कारण तेव्हा पाऊस संपलेला असतो आणि मुलांच्या परीक्षा लांब असतात. ज्या उंचीवर टेप लावली तिथे रंगाचा पट्टा ओढून ठेवायचा, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलांनीही नेमकी तिथेच मोजावी. आमच्या पावसात तो पट्टा दोन वर्षांत पुसट होतो, आणि शेवाळ आले की सापडतच नाही. तेव्हा मोजायला जाताना रंगाचा डबा आणि ब्रश बरोबर न्यायचा.